दाराचा आवाज

"का म्हणून?" असं विचारण्याआधी बाई चष्मा काढायच्या, पदराच्या टोकाने दोन्ही काचा पुसायच्या आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवून झाल्यावरच प्रश्न सोडायच्या. तेवढ्या वेळात समोरच्याला कळून चुकायचं की आपण काहीतरी न विचार करता बोलून गेलो. अशी एक तरी बाई तुमच्याही गावात असणारच. ग्रामसभेत ती मागे बसते आणि पुढे बसलेल्यांचं सगळं लक्ष मागे असतं.

आमच्या बाई म्हणजे बोर्लीच्या अंगणवाडीच्या सेविका. माझ्या वयाच्या निम्म्या गावाला त्यांनी वजनकाट्याला लटकवलेलं आहे, त्यात मी आणि माझा धाकटा भाऊही आलो. निवृत्त झाल्या तरी त्यांची 'बाई' काही सुटली नाही. बौद्धवाडीत एकट्या राहायच्या, मुलगी पनवेलला दिलेली. भूत, करणी, नजर, उतारा यातलं काहीही त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, पोराला नजर लागली, की बाई चष्मा पुसायला घेत आणि मग विचारत, "जंताची गोळी दिलीस का?"

तर अशा बाईंनी एका भुताच्या सिनेमात काम केलं.

सिनेमा माझ्या भावाचा. तो मुंबईत ॲनिमेशनचं काम करायचा, कंटाळून परत आला आणि बाजारातल्या गादीवाल्याच्या दुकानावरची खोली घेऊन बसला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या. खाली कापूस पिंजायचं मशीन दिवसभर घरघरायचं, ते दुपारी एक ते तीन जेवणासाठी बंद असायचं. तेवढ्या दोन तासांत आमचं ध्वनिमुद्रण उरकायचं. चित्रं तो काढायचा, संवाद मी लिहायचे.

गोष्ट फार पुढच्या काळातली. पृथ्वी सोडून निघालेलं एक अंतराळयान आहे, पण दिसायला जुन्या दगडी किल्ल्यासारखं. मनोरे, मेणबत्त्या, धुकं, वटवाघळं, सगळं. भावाने परदेशी किल्ल्यांची पन्नास चित्रं समोर ठेवून ते काढलं, तरी भिंती शेवटी जांभ्याच्याच झाल्या. या यानामागून तीनशे वर्षं एक व्हॅम्पायर येतो आहे. त्याला श्वास घ्यावा लागत नाही, त्यामुळे बाहेरच्या पोकळीत तो मरत नाही. त्याला हवं ते रक्त आत आहे. पण त्याच्या कुळाचा नियम असा की आतून कुणी बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. यानाचं दार मात्र विचार करणारं, बोलणारं यंत्र आहे. तो बाहेरून विनवण्या करतो, दार आतून नकार देतं, आणि शेवटी दार त्याला "जा" म्हणतं, यान बाजूला सरकतं, एका ताऱ्याचा उजेड त्याच्यावर पडतो आणि तो जळून जातो. हा शेवट मुंबईच्या निर्मात्याने ठरवून दिला होता.

आमचं घोडं अडलं होतं दाराच्या आवाजावर. मुंबईहून आलेले सगळे नमुने लिफ्टमध्ये मजला सांगणाऱ्या बाईसारखे होते.

एका दुपारी भाऊ लांडग्याच्या विव्हळण्याचे आवाज तपासत होता. जिन्यावरून दणदणीत आवाज आला, "कोण विव्हळतंय रं? दवाखान्यात न्या की त्याला, वर कशाला ठेवलाय?" बाई उशीत कापूस भरून घ्यायला खाली आल्या होत्या. त्यांच्या आवाजाला थोडी खरखर होती, पण जरब अशी की मी हातातला चहा खाली ठेवला. भावाने हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. दोघांच्याही मनात एकच आलं होतं.

बाईंनी गाद्यांच्या ढिगावर बसून अख्खी गोष्ट ऐकली.

"म्हणजे भुताचा शिनेमा."

"भूत नाही बाई, व्हॅम्पायर. तो रक्त पितो."

चष्मा निघाला, पुसला, चढला. "का म्हणून?"

"त्याशिवाय तो जगत नाही."

"मग रक्त कमी हाय त्याचं, असं सरळ बोल ना गो. पांढराफटक, डोळे खोल गेलेले, उन्हात उभा केला की घेरी. असल्या किती बाया बघितल्यात मी. लोहाच्या गोळ्या दिल्या त्यांना, शेवग्याचा पाला खायला लावला. जाळलं न्हाय कुणाला."

आम्ही पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, काम करीन, पण माझ्याकडे महिनाच आहे. स्वरयंत्रावर गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. गाठ निघेल म्हणाले होते. आवाज राहील का, ते सांगता येणार नाही, असंही म्हणाले होते.

"तीस वर्षं पोरांवर वरडले, कुठं साठवून न्हाय ठेवलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही साठवताय तर साठवा."

भावाने माइक त्यांच्या तोंडापुढे आणला आणि उंची नीट केली.

डॉक्टरांनी त्यांना कमी बोलायला सांगितलं होतं. म्हणून बाईंनी सकाळपासून बोलणंच बंद केलं. बाजारात खुणा करायच्या, वाडीतल्या बायकांना नुसती मान हलवायच्या. सिनेमात काम मिळालं तर बाईंना शिष्टपणा आला, अशी कुजबुज सुरू झाली. ती कानावर आली तेव्हाही त्या गप्पच राहिल्या. आवाज सगळा दुपारी एकसाठी राखून ठेवलेला असायचा. पिंजायचं मशीन थांबलं की जिना चढून यायच्या, कोमट पाण्याचे दोन घोट घ्यायच्या आणि दार व्हायच्या. पहाटे प्रवाशांना उठवताना दार म्हणतं, "जागे व्हा." ते वाक्य बाईंनी असं म्हटलं की माझा पेंगुळलेला भाऊ खरोखर ताठ बसला.

व्हॅम्पायरला मात्र त्या व्हॅम्पायर म्हणायच्याच नाहीत. त्यांच्यासाठी तो पहिल्या दिवसापासून 'पाव्हणा' होता. "आज पाव्हण्याचं काय हाय?" असं विचारत त्या कागद हातात घेत.

मग एक दिवस आमच्या सिनेमाला भोक पडलं. प्रसंग असा होता की पाहुणा थकल्याचं सोंग करतो आणि दाराचा निरोप घेतो. दाराने त्यावर काहीच बोलायचं नव्हतं. पाहुण्याची वाक्यं भाऊ म्हणत होता.

"ठीक आहे," तो खर्जात म्हणाला. "येतो मी."

"या हं," बाई म्हणाल्या.

मग मी म्हटलं, "बाई, इथे तुमचं वाक्य नाहीये."

"नसंल. पण तो येतो म्हणाला ना?"

"अहो, तो निघालाय. आपण निघताना म्हणतो ना, येतो, तसं."

"मग आपण म्हणतो तसंच मी म्हणले."

भावाने डोक्यावरचा हेडफोन हळूच गळ्यात घेतला. "ताई," तो म्हणाला, "तो आत आला."

खरंच होतं. आमच्याच नियमाप्रमाणे आतून कुणीतरी त्याला 'या' म्हटलं होतं. तीनशे वर्षं तो पोकळीत उगाच भटकला. मराठी येत असती तर पहिल्याच दिवशी नुसता निरोप घेऊन त्याचं काम झालं असतं. आणि हे वाक्य लिहिणारी मी, मराठी विषय घेऊन पदवीधर झालेली. भाऊ त्यानंतर आठवडाभर खोलीतून बाहेर पडताना "येतो" म्हणायचा आणि आत येण्याचा अभिनय करून दाखवायचा.

मी त्या वाक्यात 'जातो मी' अशी दुरुस्ती केली. ती बाईंना अजिबात पटली नाही. "जातो असं बोलून कोण निघतं घरातनं?"

"बाई, तुम्ही तर शकुन-अपशकुन मानत नाही."

"न्हायच मानत."

"मग शेवटी तुम्हालाही 'जा' म्हणायचंय, ते कसं म्हणणार?"

त्यांनी शेवटचं पान मागून घेतलं, वाचलं आणि परत दिलं. "हे मी म्हणायची न्हाय."

"अहो, रस्ता सांगताना म्हणताच की, डावीकडून जा."

"तो रस्त्याला. दारात आलेल्या माणसाला न्हाय."

मग बाईंनी आजीचं सांगितलं. त्यांची आजी गावात घरोघर कामाला जायची. कामाला बोलावताना लोक तिला 'ये' म्हणत, पण ते 'ये' अंगणापर्यंतच. काम संपलं की 'जा'. पडवीची पायरी तिने आयुष्यभर बघितली, चढली मात्र नाही. "तिच्या कानावर सारखं जा पडलं," बाई म्हणाल्या, "म्हणून तिच्या तोंडात ते कधी आलं न्हाय. आमच्या दारात पोस्टमन येऊ दे, माकडवाला येऊ दे, सगळ्यांना या, या. दोनदोनदा. ती गेल्यावर आई तसंच म्हणायची, आता मी म्हणते." मग त्यांनी विचारलं, "आणि ह्या पाव्हण्यानं काय केलंन गो?"

"रक्त पितो ना."

"कुणाचं प्यायला?"

मी पानं चाळली. "अजून कुणाचंच नाही. आत येऊच दिलं नाही ना त्याला."

"मग जाळता का म्हणून?"

मी पानं खाली ठेवली, कारण मला आणखी एक गोष्ट आठवत होती. बाई नोकरीला लागल्या त्या काळात त्या वजनं करायला घरोघर फिरायच्या. गावातल्या बऱ्याच घरांत त्यांच्यासाठी पडवीतच खुर्ची टाकली जायची आणि काटाही तिथल्याच वाशाला टांगा म्हणायचे. बाई वाशाकडे बघायच्या, बोटाने टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "वाळवी हाय. पोर खाली पडलं तर कोण जबाबदार?" मग काटा घेऊन सरळ आत माजघरात, तिथल्या तुळईखाली. त्या वर्षांत गावातल्या झाडून सगळ्या पडव्यांना वाळवी लागली होती. त्यातली एक आमची. आमच्या पडवीचे वासे सागाचे आहेत आणि आजही शाबूत आहेत.

हे सगळं माहीत असूनही मी जे केलं ते आता सांगते.

निर्मात्याचा फोन आला. शेवट आठवड्याच्या आत हवा होता आणि तो बदलायचा नव्हता. राक्षस मेलाच पाहिजे, मुलांना तेच लागतं, असं त्याचं म्हणणं. एका शब्दासाठी दुसरा आवाज घेतला असता तर तो कुणालाही ओळखू आला असता. बाईंचं ऑपरेशन तीन दिवसांवर आलं होतं. तेव्हा मला सुचलं की "जागे व्हा" मधला 'जा' कापून घ्यावा. भावाने तीन मिनिटांत तो कापला, टोकं घासली आणि शेवटच्या प्रसंगात बसवला. चपखल बसला. बाई इस्पितळात असतील, त्यांना कळायचंही नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई वालाच्या बिरड्याचा डबा घेऊन आल्या. काम संपलं होतं, झालेलं सगळं एकदा ऐकून जावं म्हणाल्या. भावाला खोटं बोलता येत नाही. त्याने सिनेमा लावला. बाई बघत होत्या, मधूनमधून स्वतःच्याच वाक्यांना मान डोलावत होत्या. मग शेवट आला आणि पडद्यावरचं दार म्हणालं, "जा."

बाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. तसाच हातात धरून बसल्या.

"हे मी न्हाय बोलले."

"बाई, आवाज तुमचाच आहे. तुमच्याच वाक्यातला..."

"आवाज माजाच हाय. म्हणून तर." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "परवा ऑपरेशन. त्यानंतर मला बोलता आलं न्हाय, तर हे खोटं हाय असं कुणाला सांगू मी? कशानं सांगू?"

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलंही नाही. ज्या घरातल्या पडवीला त्यांना वाळवी लावावी लागली, त्याच घरातली मी, त्यांच्या तोंडात त्यांच्या आजीने ऐकलेला शब्द कोंबून मोकळी झाले होते. भावाकडे वळून मी पुसून टाक म्हणणार होते, तर त्याने आधीच पुसला होता.

घड्याळात अडीच वाजत होते. मशीन सुरू व्हायला अर्धा तास होता.

"बाई," मी विचारलं, "मग दाराने काय म्हणायचं?"

"दार हाय ना ते? दारानं काय म्हणायचं आसतं?"

मी पानाच्या मागच्या बाजूला शेवट नव्याने लिहायला घेतला. यानाच्या प्रयोगशाळेत रक्त तयार होतं, त्यातलं त्याला मिळेल. त्याला श्वास लागत नाही, तर यानाच्या बाहेरची डागडुजी त्याने करावी, जी तीनशे वर्षांत कुणालाच करता आलेली नाही. बाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. "बरं हाय," त्या म्हणाल्या. "खाणं पण झालं, काम पण झालं. आता लावा तुमचं ते रेकॉर्डिंग."

कोमट पाण्याचे दोन घोट घेऊन त्या माइकपुढे उभ्या राहिल्या. भावाने पाहुण्याचं वाक्य म्हटलं. बाई जरब बाजूला ठेवून, आपल्या दारात उभ्या असल्यासारख्या म्हणाल्या, "या." मला वाटलं झालं. तेवढ्यात त्यांनी, कागदावर नसलेलं, खास अंगणवाडीच्या आवाजात जोडलं, "पायताण भायेर काढा."

भाऊ टेबलाखाली वाकून तोंडावर हात दाबून हसत होता, कारण टेप चालू होती. सिनेमात तोच तुकडा आहे. कान देऊन ऐकलंत तर शेवटी खालचं मशीन सुरू झाल्याची घरघरही त्यात ऐकू येईल.

निर्माता आधी फोनवर ओरडला. मग त्याने शेवट बघितला. म्हणाला, "पण पायात त्याच्या बूट दाखवलेत ना?" बूटच होते, गुडघ्यापर्यंतचे, वर पन्नास भोकांतून ओवलेल्या नाड्या. त्यामुळे आता सिनेमाचं शेवटचं दृश्य असं आहे की तीनशे वर्षांचा व्हॅम्पायर किल्ल्याच्या पायरीवर बसून नाड्या सोडवतो आहे, आणि दार उघडं राहून वाट बघतं आहे. निर्मात्याची एकच अट होती, नाड्या जरा लवकर सोडवा.

बाई मुंबईला गेल्या, तिथून मुलीकडे पनवेलला. गाठ साधी निघाली, असा मुलीचा फोन आला. जीवाला धोका नव्हता. पण बोलायला सक्त मनाई होती आणि मनाई उठल्यावर काय होईल, ते डॉक्टरही सांगत नव्हते. एक महिना गेला, दुसरा गेला. मी मुलीला फोन करून विचारायचे, ती म्हणायची, आई वहीत लिहून भांडते.

शाळेच्या हॉलमध्ये आम्ही गावासाठी सिनेमा दाखवला. पोरं खाली सतरंजीवर, मोठी माणसं मागे. दार पहिल्यांदा बोललं तेव्हा मागून बायकांचा गलका झाला, "बाई गो, बाई!" ज्यांना बाई शिष्ट झाल्याचं वाटलं होतं, त्याच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होत्या. नाड्यांच्या प्रसंगाला पोरं इतकी हसली की मास्तरांना उठावं लागलं. मीही हसत होते, आणि मध्येच मला बाई आठवल्या. इतका भरलेला, इतका जिवंत आवाज समोर होता आणि तो जिचा, ती पनवेलला वहीत लिहीत बसली होती. आपल्याकडे उरला तो एवढाच असेल तर, असं मनात आलं आणि उरलेल्या नाड्या मला नीट दिसल्या नाहीत.

त्यानंतर दहाएक दिवसांनी दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे आधी नुसता श्वास. मग कागद चुरगाळल्यासारखं काहीतरी.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

पुन्हा तसंच. मी फोन कानाला घट्ट लावला, खिडकी बंद केली. "आवाज येत नाहीये. कोण?"

"बाई," पलीकडून आलं. घोगरं, फाटकं, मध्येच हवा सुटणारं. हा आवाज मी याआधी कधीच ऐकला नव्हता. आणि तो ऐकून मला इतका आनंद झाला की मी मोठमोठ्याने भावाला हाका मारायला लागले. तो धावत आला. आम्ही दोघांनी मधे फोन धरला.

"वरडू नको," बाई म्हणाल्या. एकेका शब्दामागे थांबत होत्या, पण थांबून पुढे जात होत्या. "ऐक. दुसरा शिनेमा काढलात तर मला सांगा. दाराचं काम आता जमायचं न्हाय." जरा दम घेतला. "भुताचं काम दे. आवाज तसाच झालाय."

"बाई, तुम्ही कुठे भूत मानता?"

"मानायला कशाला लागतं?" बाई म्हणाल्या. "बोलायला तर मिळंल."

त्याच दुपारी मी एक भूत लिहायला घेतलं. अजून गोष्ट धड ठरलेली नाही, शेवटाचा तर पत्ताच नाही. पण त्या भुताला मी पानापानावर बोलायला दिलं आहे, आणि वाक्यं छोटी ठेवली आहेत, म्हणजे मधे दम घेता येईल.